एंडिंगचं बटण

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. रसायनीच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट फिटर आहे. गेज चुकीचं दाखवायला लागलं की ते का चुकतंय हे शोधायचं, हाच माझा धंदा. आमचे सुपरवायझर दर अमावास्येला लिंबू-मिरची बांधतात, त्यावरून मी त्यांची इतकी टिंगल केली आहे की हे वाचून ते आता माझी करतील... करू देत.

राहायला मी मोहोपाड्याला, गाव कुंभिवली. सुट्टीच्या दिवशी हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – माझा कीबोर्ड अरेंजर आहे, म्हणजे ताल त्यातच भरलेला असतो. एक बटण दाबलं की ठेका सुरू, आणि एंडिंगचं बटण दाबलं की दोन आवर्तनांत ठेका नीटनेटका बंद.

कीबोर्डमध्ये आधीपासून असलेले ठेके आमच्या हळदीला चालत नाहीत, बेचव लागतात. म्हणून तीनेक वर्षांपूर्वी मी यशवंतमामांची ढोलकी रेकॉर्ड करून घेतली. सख्खे मामा नव्हेत, सगळ्या गावाचेच मामा. त्यांची बायको सुगंधामामी हळदीची गाणी म्हणायची आणि मामा ढोलकी धरायचे. माझ्या खोलीवर मात्र मामा एकटेच आले. तासभर झकास वाजवलं, पण थांबायचं नावच घेईनात. मी म्हटलं, मामा, शेवटचा तोडा द्या, एंडिंगला लागेल.

“तोडाबिडा मी देत नाय रं,” ते वाजवता वाजवता म्हणाले. “गानारीन थांबली का माजा हात थांबतो. ती कुटं हाय हितं?”

शेवटी ते वाजवत असतानाच मी रेकॉर्डिंग बंद केलं. मग लॅपटॉपवर एंडिंग मीच बनवलं. इकडचा एक तुकडा, तिकडच्या दोन थापा, जोडल्या आणि कीबोर्डमध्ये टाकल्या. ठिगळच ते, पण ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मामांना ऐकवलं तर ते नुसतेच हसले.

गेल्या वर्षी मामा गेले. मामींचं गाणं त्या दिवसापासून बंद झालं.

यंदा त्यांच्या रूपालीचं लग्न ठरलं. हळद दुपारी चारला, घरासमोरच मंडप, पलीकडून हायवेच्या ट्रकांची घरघर. वाजवायला मी आणि ठेका अर्थातच मामांचा. बापाची ढोलकी लेकीच्या हळदीला वाजावी, एवढंच माझ्या हातात होतं.

मामींना मात्र हळदीपासून लांब ठेवलं होतं. मामांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, सकाळीच सांगून टाकलं होतं – विधवा बाईने हळद लावायची नाही आणि हळदीत गायचंही नाही. मला राग आला. पण आपण पडलो वाजवणारे, घरच्यांच्या भानगडीत कशाला पडा, असं म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बायका गात होत्या. ते गाणं असं आहे की एकेका नातेवाइकाचं नाव घेत कडवी वाढत जातात आणि शेवटचं कडवं बापाचं. रूपालीच्या मामाचं कडवं झालं, काकाचं झालं आणि बायका अडखळल्या. गेलेल्या माणसाचं नाव हळदीत घ्यायचं की नाही, कुणालाच ठरवता येईना. ठेका आपला चालू. पाटावर बसलेल्या रूपालीने मान खाली घातली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामींचा आवाज आला. वर्षभर न वापरलेला गळा, फाटका लागत होता, पण त्यांनी बापाचं कडवं उचललं. रूपाली वळून दाराकडे बघायला लागली. आणि आक्का माझ्याकडे वळल्या.

“बंद कर रं ते.”

मी एंडिंग दाबलं.

दिवा लागला. दोन आवर्तनं झाली, ठेका थांबला नाही. मी परत दाबलं. मग सरळ स्टॉप दाबलं – त्याने तर त्या क्षणी सगळं बंद व्हायला हवं. पॅनलवरचे दिवे विझले आणि ढोलकी चालूच राहिली. मी दोन्ही हात मांडीवर घेतले. वायर उपटायचं मनात आलं, पण खरं सांगतो, हिंमत झाली नाही.

पुढचं ऐका. मामींचा श्वास पुरेना, त्या मध्येच थांबायला लागल्या, आणि ढोलकी त्यांच्यासाठी रेंगाळायला लागली. त्यांनी श्वास घेतला की ती पुढे सरके. मशीनचा टेम्पो आकड्यावर चालतो हो, तो कुणाच्या श्वासासाठी थांबत नाही.

एरवी नवऱ्याचं नाव कधीच न घेणाऱ्या मामींनी शेवटच्या ओळीत ते मोठ्याने घेतलं. शब्द संपला आणि ढोलकी थांबली. थाप नाही, तोडा नाही. कातड्यावर तळहात टेकवल्याचा आवाज आला, बस्स. मामा असेच थांबायचे, गावात कुणालाही विचारा. पण तो आवाज माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही... असणार कसा? त्या दिवशी ते थांबलेच नव्हते.

रूपाली उठली, हळदीची वाटी घेऊन आईजवळ गेली आणि आईचा हात धरून आपल्या गालाला लावला. आक्का बाजूला सरकल्या. मी रडत होतो, आणि ते भीतीने की कशाने, मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून कीबोर्ड उघडला. बटणं ठीक, वायरिंग ठीक. तेच गाणं, तोच ठेका लावून कितीदा तरी एंडिंग दाबलं. दर वेळी दोन आवर्तनांत बंद. रूपालीच्या मैत्रिणीने मोबाइलवर शूटिंग केलंय. त्यात विझलेले दिवे दिसतात, मांडीवरचे माझे हात दिसतात आणि ढोलकी ऐकू येते. मित्र म्हणतात, हँग झाला असेल. असेलही. पण हँग झालेलं मशीन दमलेल्या बाईला सांभाळून घेतं का?

लग्न पार पडल्यावर मामींकडे गेलो. माफी मागायची होती. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “तुजा हात बटनावर गेला, तो मी बघितला रं.”

मी कप उचलला आणि तसाच परत बशीत ठेवला.

“जाऊ दे,” मामी म्हणाल्या. “त्यांनी कुटं ऐकलं तुजं.”