दुर्मिळ

आज सूक्ष्मदर्शकाखाली गव्हाचे दाणे दिसले. म्हणजे पेशीच त्या, पण गव्हाला असते तशी मधोमध एक बारीक रेघ प्रत्येकीला होती. अंडाशयाच्या कर्करोगाचा हा प्रकार क्वचितच बघायला मिळतो. मी हौसेनं शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली, "या लवकर, दुर्मिळ आहे!" डोळा लावून तेही म्हणाले, "काय सुंदर दिसतंय!"

काचेच्या पट्टीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. म्हणून तर सुंदर म्हणता येतं.

दुपारी त्या नंबराची म्हातारी आई रिपोर्ट न्यायला आली. "काय निघालं हो डॉक्टरबाई, माझ्या लेकीचं?" माझी जीभ कर्करोगापाशी अडखळली. "गाठ जरा दुर्मिळ प्रकारची आहे," एवढंच मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. "दुर्मिळ म्हणजे चांगलीच असणार ना?"

तिचं तरी काय चुकलं? दुर्मिळ आपण फूल म्हणतो, योग म्हणतो, माणूस म्हणतो. सकाळी माझाही चेहरा याच शब्दानं उजळला होता.

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. म्हटलं, "आजी, आधी बसा."