पाटा की पापड

आमच्या ऑफिसचे किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवले नाहीत. ते आपसूक उरले. सॉफ्टवेअर जुनं झालं, मशिनं भंगारात गेली, ऑफिसच्या जागी आता चष्म्याचं दुकान आलंय. किस्से मात्र जागचे हलले नाहीत. आम्हा चौघांपैकी कुठलेही दोघं भेटलो की पहिल्या चहाला एक निघतो, आणि मग पंगतीत वाढपी यावेत तसे बाकीचे त्याच्या मागून येतात.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. लिमये सर आमचे मालक. एका कारखान्यात हिशेबखात्यात निम्मं आयुष्य काढून त्यांनी ठाण्याला नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत, स्वतःचं ऑफिस थाटलं. कारखान्यांना नि व्यापाऱ्यांना पगाराचं आणि मालाच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं, हा धंदा. वनिता भोईर माजिवड्याची, आगरी घरातली, तिच्या घरातली पहिली बीएस्सी. गिऱ्हाइकाकडे जाऊन सॉफ्टवेअर दाखवायचं काम तिचं. नंदू कोळी चेंदणी कोळीवाड्यातला, मशीन उघडणं-जोडणं त्याच्याकडे. आणि मी मिलिंद, डोंबिवलीचा, प्रोग्रॅम लिहिणारा. नव्वदनंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील तेव्हाची गोष्ट.

*

सुरुवातीला आमच्याकडे लॅपटॉप नव्हता. गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर दाखवायचं म्हणजे ऑफिसातला अख्खा कॉम्प्युटर सोडवायचा, आणि घेऊन निघायचं.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आमचा पहिला मोठा डेमो होता. रिक्षात वनिताच्या मांडीवर मॉनिटर, माझ्या मांडीवर सीपीयू, आणि नंदूच्या गळ्यात कीबोर्डची वायर. गेटवरच्या वॉचमनने आमच्याकडे एक नजर टाकली, म्हणाला, बरं झालं आलात, आणि थेट कँटीनमध्ये नेऊन सोडलं. तिथला टीव्ही बंद पडलेला. त्याला वाटलं आम्ही टीव्हीवाले.

वनिता त्याला समजवायला लागली. तोवर नंदूने टीव्हीचं मागचं झाकण काढलेलंसुद्धा. नंदूला उघडता येण्यासारखी वस्तू दिसली की त्याचं भान जातं. थोड्या वेळाने चित्र आलं, क्रिकेटची मॅच चालू होती, कामगारांनी टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून मॅनेजर खाली आले. वनिताने वेळ घालवला नाही. तिथेच, चहाच्या ग्लासांमध्ये, कॉम्प्युटर मांडला आणि त्यांना पगाराचा हिशेब करून दाखवला.

ऑर्डर मिळाली. सर खूश. त्यांनी बारकाईने विचारलं, मॅनेजरना आपला नेमका कोणता मुद्दा पटला?

नंदू म्हणाला, "चित्र क्लिअर आलं, सर."

*

ते दिवस फार टिकले नाहीत. कल्याणच्या बाजारात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे जायचं होतं. स्टेशनचा जिना उतरताना मॉनिटर वनिताच्या हातात होता. मी घेतो म्हणालेलो, तिने दिला नाही. शेवटच्या पायऱ्यांवर तिच्या पाठीत कळ आली आणि ती तिथेच बसली. मॉनिटर मात्र तिने खाली पडू दिला नाही, तो हळूच बाजूला ठेवला, मग डोळे घट्ट मिटून घेतले.

आमच्या खालच्या डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, बरेच महिने नाही.

सर मनाने फार चांगले. त्यांनी वनिताला समोर बसवलं आणि सांगितलं की तुम्ही आता ऑफिसातलं काम बघा, बाहेर फिरायला आपण एखादा धडधाकट माणूस घेऊ, तुमच्या पगारात काही फरक पडणार नाही. त्यांना वाटलं तिला बरं वाटेल.

गिऱ्हाइकासमोर उभं राहून बोलायला मिळावं म्हणून वनिताने ही नोकरी धरलेली. तिच्या घरी लग्नाचा विषय दर आठवड्याला निघायचा, आणि दर आठवड्याला ती कुठल्या तरी कारखान्याचं नाव सांगून तो पुढे ढकलायची. आता खोलीत बसून बिलं टाइप करायची म्हणजे त्या घरात तिच्याकडे सांगायला काही उरणार नव्हतं. हे सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण माझ्या तोंडून काही निघायच्या आत तीच उठली.

"सर, माझी पाठ दुखतेय. तोंड नाही."

त्या दिवशी सरांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं.

*

ठाण्याच्या डीलरने दोन मशिनं वापरून बघायला दिली. एक जाडजूड. त्यात सगळं आतच बसवलेलं, फ्लॉपी, सीडी, स्क्रीनही मोठा. दुसरं बारीक, चपटं, वजनाला जवळजवळ नाहीच. त्याची फ्लॉपी वेगळी, वायरने जोडायची. सीडी नाहीच. किंमत मात्र जाड्यापेक्षा जास्त.

नंदूने पहिल्याला नाव ठेवलं पाटा आणि दुसऱ्याला पापड. सरांना हे मुळीच आवडलं नाही. यंत्राला यंत्र म्हणावं, असं त्यांनी बजावलं.

दोन दिवस वाद चालला. सरांचं म्हणणं सरळ होतं. जास्त पैसे देऊन कमी वस्तू कशासाठी घ्यायची? शिवाय गिऱ्हाइकासमोर काहीतरी भारदस्त नको का? मीही पाट्याच्या बाजूचा होतो, त्याचा प्रोसेसर चांगला होता. नंदू म्हणाला, पाट्यात सगळं एकत्र, एक बिघडलं की सगळं दुकानात. वनिता फक्त दोन्ही मशिनं उचलून बघायची आणि खाली ठेवायची.

तिसऱ्या दिवशी सर सकाळी बूट घालून आले. एरवी ते चपलेत असायचे. म्हणाले, आज वनिताबाईंबरोबर मी फिरणार, आणि यंत्र मी उचलणार.

त्यांनी पाट्याची बॅग खांद्याला लावली. कल्याणला उतरले, बाजारात गेले, तिथून डोंबिवलीला, एमआयडीसीत दोन कारखाने. वनिताने नंतर आम्हाला सांगितलं. पहिल्या तासात सर ताठ चालत होते. मग त्यांनी बॅग डाव्या खांद्यावर घेतली. मग पुन्हा उजव्या. बाजारात ते एका दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसले आणि उठेचनात. दुकानदाराने पाणी आणून दिलं, आणि विचारलं की काका, गावाला निघालात का? वनिताने दोनदा बॅग मागितली, सरांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. सगळा दिवस त्यांनी ती बॅग तिच्या हातात जाऊ दिली नाही. पाठीचं दुखणं तिचं होतं, आणि ते काय असतं हे त्यांना स्वतःच्या अंगावर बघायचं होतं. असा मालक मी पुढे पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तोच फेरा पापड घेऊन. संध्याकाळी परत आले तेव्हा सर जिना चढताना बोलत होते. आदल्या दिवशी त्यांच्याच्याने बोलवतही नव्हतं.

खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"वनिताबाई," ते म्हणाले, "पापड घ्यावा."

*

डीलरने दिलेली काळी चामड्याची बॅग कुणालाही लांबून ओळखू येई. चोरीची भीती. नंदूच्या आईने मग होडीवर घालतात तसल्या जाड ताडपत्रीची, आतून जुन्या गोधडीचा थर दिलेली पिशवी शिवून दिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, जेवणाचा डबा आहे.

आणि तसंच वाटलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात वनिताने पिशवी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेली. तिथे सगळ्यांचे डबे बॉयलरपाशी गरम करायला न्यायची पद्धत. परत येऊन बघते तर कट्टा मोकळा.

ती धावत सुटली. मी तिच्या मागे. सरांनी ऑफिसातलं किती काय पणाला लावून ते मशीन घेतलंय ते आम्हाला ठाऊक होतं. बॉयलरच्या दाराशी एक वयस्क कामगार पिशवी हातात घेऊन उभा. वनिताने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि छातीशी धरली.

तो माणूस बिचारा ओशाळला. म्हणाला, "ताई, डबा एकदम हलका लागला म्हणून उघडून बघितला. आत नुसती पाटी आहे. तुमचं जेवण घरीच राहिलं."

मग त्याने आपल्या फडक्यातल्या दोन भाकऱ्या तिच्यापुढे धरल्या. तिने एक घेतली. त्या कारखान्यात पुढे कितीतरी वर्षं आमचं सॉफ्टवेअर चाललं, आणि वनिता गेली की तो माणूस आधी तिला जेवलात का विचारायचा.

*

डोंबिवलीचाच आणखी एक. एका औषधाच्या कंपनीत आमच्याबरोबर मुंबईची एक मोठी फर्म आलेली. टाय लावलेली माणसं, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. आधी त्यांनी दाखवायचं, मग आम्ही. आमचं ऑफिस तेव्हा कठीण दिवसांत होतं. हे काम गेलं असतं तर सरांना आमच्यापैकी कुणाला तरी कमी करावं लागलं असतं. ते बोलले नव्हते, पण आम्हाला दिसत होतं.

त्यांचं निम्मं झालं आणि लाइट गेली. पंखे थांबले, दोन्ही कॉम्प्युटर काळे. जनरल मॅनेजरसाहेबांना पुण्याला जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. मग वनिताने पापड उघडला. खोलीत तेवढाच उजेड. तिने नेहमीसारखं शांतपणे सगळं दाखवलं. ओव्हरटाइम, रजा, बोनस. साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसले.

तिचं संपलं. मी मनात म्हटलं, चला, जिंकलं. तर वनिता त्या मुंबईच्या माणसाकडे वळली आणि म्हणाली, तुमचं अर्धं राहिलंय, फ्लॉपीत असेल तर याच्यावर दाखवा, अजून बॅटरी आहे.

मला तिचा राग आला. नंदू तर उठून खिडकीपाशी गेला. मग मुंबईच्या माणसाने फ्लॉपी काढली, वनिताने फ्लॉपीची वायर जोडून दिली, आणि त्याने त्याचं उरलेलं दाखवलं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी सगळं बघितलं. उठले, आणि त्या माणसाला म्हणाले, "तुमचंही यांच्याच मशीनवर बघायचं, तर यांनाच बोलावतो ना."

बाहेर आल्यावर मी वनिताला विचारलं की अगं, असं कशाला केलंस? ती म्हणाली, लाइट गेली म्हणून जिंकलो असं मला घरी सांगायचं नव्हतं.

*

आता शेवटचा. हा सांगताना नंदू नेहमी मध्येच बोलतो, म्हणून तो नसताना सांगतो.

हायवेला लागून माजिवड्याला एका मोठ्या कंपनीचं नवं ऑफिस झालं. काचा, संगमरवर, आत शिरल्यावर थंडगार हवा. आमच्यासारख्यांना तिथे बोलावणं येणं हीच मोठी गोष्ट होती. सर, वनिता आणि मी गेलो. सरांनी कोट घातलेला. वनिता साधी सुती साडी नेसलेली, ताडपत्रीची पिशवी काखेत.

तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत चार डायरेक्टर बसलेले. आमच्यासाठी त्यांनी टेबलाच्या आतल्या टोकाला जागा केलेली, भिंतीशी. प्लग तिथे होता, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा मांडून ठेवलेला. आधी येऊन गेलेल्या सगळ्या कंपन्या तिथेच बसल्या असणार.

वनिता तिकडे गेली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीपाशी थांबली, पिशवीतून एका हाताने पापड काढला आणि तिथेच ठेवला. म्हणाली, मला प्लग लागत नाही, मी इथे बसते.

मधले डायरेक्टर सभ्य गृहस्थ. त्यांनी काळजीने सांगितलं की मॅडम, ती पूर्वेची बाजू आहे, सकाळचं ऊन थेट येईल, तुमच्या स्क्रीनवर काही दिसणार नाही.

"नाही येणार," वनिता म्हणाली. "या वेळेला इथे चिंचेची सावली असते."

त्यांनी मान वळवून बाहेर बघितलं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक जुनी, मोठी चिंच उभी होती, आणि तिची सावली खिडकीवरून आत येऊन टेबलाच्या निम्म्यावर पडलेली. त्यांनी पुन्हा वनिताकडे बघितलं.

"तुम्ही आधी इथे आला होतात?"

वनिताने लॅपटॉपचं झाकण वर केलं.

"आमचं भाताचं खळं होतं इथे," ती म्हणाली. "सुरू करू?"