धाब्यावरची सावली

मी काय काम करते, हे चाळीसगावात कुणालाच नीट सांगता येत नाही. जग कोळसा सोडून ऊन-वाऱ्याच्या विजेकडे कसं वळतंय, कुठे अडतंय, याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत मी संशोधक आहे. देशोदेशीच्या बैठकांत बोलते, लोक लिहून घेतात. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. कष्टाने मिळवलंय.

पण आमच्याच घरावर सोलर नव्हतं. गच्चीला आम्ही धाबं म्हणतो, आणि धाब्याची मालकीण आई. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या बायका तिथे बिबडे घालतात. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या फडक्यावर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. पॅनेलचं नाव काढलं की आई म्हणायची, "तुनं सोलर तठे परदेशमा लाव. आठे ऊन बिबडासले लागस." शेजारच्या अक्का पुस्ती जोडायच्या, "दिव्याखाली अंधार!" गल्ली हसायची आणि माझ्या मस्तकात तिडीक जायची.

तेव्हा आमचा घरगुती सोलरवरचा अहवाल चालू होता. लोक नाही म्हणतात ते परवडत नाही म्हणून, असं लिहून मोकळी हो, सहकारी म्हणाले. मी म्हटलं, माझी आई नाही म्हणते आणि तिचं कारण वेगळं आहे. तिला पटवल्याशिवाय मी अहवालातलं हे प्रकरण लिहिणार नाही. आई हट्टी, मी दुप्पट. खाण तशी माती.

एप्रिलमध्ये रजा काढून घरी आले आणि बायकांबरोबर घाटा थापायला बसले. थोड्याच वेळात डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायका पदर ओला करून डोक्यावर घेत होत्या नि थापतच होत्या. ऊन बिबड्यांना हवं होतं, बायकांना कुठे हवं होतं?

सोलर बसवणाऱ्या फिटरला सांगितलं, पॅनेल इतकी उंच बसव की खाली उभं राहून वावरता येईल. तो म्हणाला, "ताई, लोखंड जास्त लागेल. वाऱ्याचाही जोर असतो. असं कुणी करत नाही."

"मग आपण करू," मी म्हटलं आणि खांब चांगले भक्कम करून घेतले. आईकडून धाब्याची एकच कड मागून घेतली होती. पुढच्या उन्हाळ्यात नाही आवडलं तर मीच काढून नेईन, असा शब्द दिला होता.

तो उन्हाळा आला. जीव मुठीत धरून जिना चढले. पॅनेलखाली सतरंजी, माठ आणि सगळ्या बायका. सावलीत थापायचं, दोघींनी फडक्याची टोकं धरून उन्हात नेऊन ठेवायचं. अक्कांनी तेल घातलेला गरम घाटा खायला माझ्या हातात दिला. "मना धाबावरबी अशी सावली करी दे," म्हणाल्या. विजेबद्दल चकार शब्द नाही.

दिवाळीपर्यंत गल्लीत बऱ्याच धाब्यांवर उंच पॅनेल दिसू लागली. माझं प्रकरण छापून आलं. लोकांनी सोलर का घेतलं, असं एका बैठकीत विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "सावलीसाठी." सभागृह हसलं आणि मग लिहून घेऊ लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात सहकारी धाबं बघायला आले. त्यांनी आईला विचारलं, वीज किती होते?

"वीजनं माले काय समजस नही," आई थापता थापता म्हणाली. "पन हाई सावली मनी पोरनी शे."

टाळ्या मला खूप मिळाल्यात, आणि त्या आवडतातही. त्या दिवशी मात्र ही सावली आपल्या पोरीची, असं आईच्या तोंडून ऐकलं आणि घाटा घ्यायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं.