फोरमनचा डावा कान

“इकडून बोल भाऊ, ही खिडकी उघडी आहे,” असं म्हणत आमचा फोरमन मान वळवून डावा कान पुढे करायचा. नव्या माणसाला वाटायचं, साहेबांनी रागानं तोंड फिरवलं. रागबिग काही नाही हो. उजवा कान केव्हाच कामातून गेला होता. रायपूरच्या उरला औद्योगिक भागात आमची रोलिंग मिल; तिथे लाल सळया धडधडत निघतात, त्या आवाजात माणूस शेजाऱ्याला हाका मारून थकतो. म्हणून तिथे सगळं हातांनी बोलतात. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की लाईन बंद. फोरमननं ते केलं की अख्खी मिल थांबायची.

मी तिथेच डिस्पॅचला. दोघेही बुढापारा मोहल्ल्यातले, दोघांचे आजोबा विदर्भातून आलेले, म्हणून जाणं-येणं एका स्कूटरवर. मी चालवायचो आणि हा मागे बसून गायचा. भजन म्हणत असता तर मी सोसलं असतं. याचं आपलं रॉक! नागपूरला पॉलिटेक्निकला असताना हिंदीत गाणाऱ्या एका बँडचं खूळ डोक्यात शिरलं, ते स्वतःची पोरं कॉलेजात गेली तरी निघेना. एका गाण्यात गिटारचा लांबलचक तुकडा होता. तो हा माझ्या मानेमागे तोंडानं वाजवायचा. मला ते गाणं कधी आवडलं नाही, आजही आवडत नाही.

मग डॉक्टरांनी डाव्या कानाचंही काही खरं नाही म्हणून सांगितलं. मशीन लावलं तर बोलणं कळेल, पण गाण्यात मजा राहणार नाही. आणि नेमका तोच बँड नवा रायपूरच्या मैदानावर यायचा होता.

“भाऊजी, तुम्ही तरी समजवा न याईले,” वहिनी मला म्हणाल्या. “एक कान मिलनं खाल्ला, दुसरा हे बँडवाले खातीन.”

मी समजवायला गेलो. तो म्हणाला, “भाऊ, घरी ऐकतो ते वेगळं. एकदा समोरून ऐकू दे मले. मग कान गेला तं जाऊ दे.” समजवायचं राहिलं बाजूला, वर त्याच्यासोबत जायचंही कबूल करून बसलो. वहिनींनी त्याच्या कानात कापूस कोंबला तेव्हा कुठे आम्ही निघालो.

अशा मैदानात तुम्ही गेला असाल तर सांगायला नको. गाडी एका टोकाला, स्टेज दुसऱ्या टोकाला, मधे धूळ. गाण्याआधी कोणी पाहुणे दिवा लावायला आले. वारा दिवा विझवी, ते पुन्हा लावीत. मग त्यांचं भाषण. रॉकच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन आपल्याकडेच व्हायचं! फोरमन मात्र लग्नातल्या नवरदेवासारखा खुशीत होता.

बँड सुरू झाला. सगळं मैदान स्टेजकडे आणि हा एकटा बाजूच्या कुंपणाकडे तोंड करून उभा, कारण डावा कान स्टेजकडे हवा. शेजारच्या पोरीला राहवलं नाही. “अंकल, स्टेज उधर है।”

“मालूम है बेटा. मैं इधर से सुनता हूँ।”

मग ते गाणं आलं. त्यानं कापूस काढून खिशात टाकला. आणि गायकानं काय करावं? माईक पब्लिककडे फिरवला! सगळं मैदान बेसूर ओरडायला लागलं. फोरमनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “काहून ओरडून राहिले हे पोट्टे? मी काय याईले ऐकाले आलो?” आणि सवयीनं त्याचे दोन्ही हात डोक्यावर आडवे गेले. लाईन बंद.

पोरांना वाटलं, अंकलनी काहीतरी नवीन काढलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी हात आडवे धरले. कॅमेऱ्यानं ते टिपलं, मोठ्या पडद्यावर आमचा फोरमन झळकला, गायकानंही हसत हात आडवे केले आणि मैदान दुप्पट जोरानं ओरडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या इशाऱ्यानं काही थांबलं नाही. मला हसू आवरेना, बाप्पा.

गिटारवाला पुढे आला तेव्हा मात्र पब्लिक जरा शांत झालं. पडद्यावर त्याची बोटं भराभर पळताना दिसत होती. फोरमन तळहात कानामागे धरून उभा होता. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “सुरू झालं का?”

मला वाटलं, गंमत करतो आहे. “अरे, वाजवून राहिला न तो.”

“मले तं ढोलच ऐकू येऊन राहिला,” तो म्हणाला. “धबधब छातीत लागते. बारीक आवाज काहीच नाही.” कानामागचा तळहात काढून म्हणाला, “मंजे घरी ऐकत होतो ते माह्या डोक्यातलंच होतं काय रे?”

मी त्याचा खांदा धरून जवळ ओढला, डाव्या कानाला तोंड लावलं आणि गिटारवाला वाजवत होता ते माझ्या घोगऱ्या आवाजात गुणगुणायला लागलो. मला सगळं पाठ होतं, माझं मलाच नवल वाटलं. तो डोळे मिटून मान हलवत होता. संपल्यावर म्हणाला, “हव. असंच आहे ते.”

पुढे त्यानं मिल सोडली. आता वर्ध्याला मुलीकडे असतो, मशीन लावतो. फोनवरचं बोलणं त्याला कळत नाही, म्हणून मी वहिनींशीच बोलतो. ख्यालीखुशाली झाली की त्या म्हणतात, “थांबा, यायच्या कानाले लावते.” मग मी दार लोटून घेतो आणि ते नावडतं गाणं गिटारच्या तुकड्यापासून सुरू करतो. पलीकडून काहीच येत नाही. मी मधे सोडत नाही.