ताई ऑफिसला गेल्यात

रोज सकाळी नटूनथटून घरातून निघायचं, गल्लीला वळसा घालायचा आणि परत त्याच घरात कामावर हजर व्हायचं, अशी नोकरी करणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि ती माझी नणंद आहे. सदर भागातल्या एका ऑफिसात ताईंनी उभी हयात टायपिंग केलं. लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा माझे यजमान शाळेतसुद्धा जायला लागले नव्हते. त्यांना या बहिणीनंच न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, आणि माझ्या हवाली केलं. त्यामुळे सासू म्हणा, नणंद म्हणा, मला जे काही सासर मिळालं ते एवढंच, आणि ते पुष्कळ होतं.

ताईंना पुस्तक लिहायचं होतं. म्हणजे त्या ते लिहीतच होत्या, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. पण त्यासाठी मूड लागायचा. मूड यायला आभाळ भरून यावं लागे, चहात वेलची लागे, शेजारच्यांचा कुत्रा गप्प लागे, आणि हे सगळं जुळून आलं की नेमके घरी पाहुणे येत. कादंबरीची सुरुवात मात्र पक्की होती. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारी एक बाई अंगणात धुणं वाळत घालते आहे आणि वरून बारीक राख पडते आहे. ही सुरुवात ताईंनी इतक्या वेळा लिहिली, की घरात कुणी पुस्तकाचा विषय काढला की यजमान विचारायचे, "काय ताई, त्या बाईचे कपडे वाळले का नाही वं अजून?"

रिटायर झाल्यावर तरी मूडला मोकळं मैदान मिळेल असं वाटलं होतं. मिळालं, आणि तो एकदाही आला नाही. ताई दिवसभर घरात इकडून तिकडे फिरत, फ्रिज उघडून आत बघत आणि बंद करत. शेवटी एक दिवस जेवता जेवता त्यांनी घास हातातच ठेवला आणि म्हणाल्या, "ऑफिसात मी मूड पाहून टाइप करत होती का? साहेबानं कागद ठेवला का सुरू. मग माह्याच कामाले मूड काहून पाह्यजे?" मी म्हटलं, बरोबर आहे. एवढं म्हणून मी मोकळी झाले. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, खांद्याला पर्स लावून दारात उभ्या. "डबा देतं का?" मी विचारलं, कुठे निघालात? "ऑफिसले." डबा आणि पाण्याची बाटली घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर उभ्याउभ्या अर्धा चहा प्यायल्या, चौकात दोन ओळखीच्यांशी "घाईत आहे" म्हणून बोलल्या, आणि मागच्या गल्लीनं वळून, आमच्याच फाटकातून, आमच्याच बाहेरच्या जिन्यानं गच्चीवरच्या खोलीत गेल्या. थोड्याच वेळात वरून खडखडाट सुरू झाला. जुन्या टाइपरायटरची सवय. कॉम्प्युटरचा बिचारा कीबोर्ड त्यांच्या हाताखाली काही महिन्यांतच मोडे. दुपारी त्या वरच डबा खात. संध्याकाळी खरोखर थकून खाली येत, चपला काढत आणि विचारत, "काय वं, घरी काय विशेष?"

ऑफिसचे नियम कडक होते. घरच्या कामासाठी हाक मारायची नाही. एकदा गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडी विझली तेव्हा मी घाबरून फोन केला, तर वरून उत्तर आलं, "ऑफिसात घरचे फोन नको करत जाऊ." कुणी भेटायला आलं तर "ताई ऑफिसला गेल्यात" एवढंच सांगायचं. ताईंची एक जुनी मैत्रीण लग्नाची पत्रिका घेऊन आली. मी ठरलेलं उत्तर दिलं. ती म्हणाली, "अगं पण ती तर रिटायर झाली ना? आणि गच्चीवर कोण दिसून राहिलं मग?" मी काही बोलायच्या आत वरच्या खिडकीतून ताईच ओरडल्या, "मी नाही आहो घरी! संध्याकाळी ये!" आश्चर्य म्हणजे मैत्रीण खरंच संध्याकाळी आली आणि सकाळच्या भेटीबद्दल दोघींनी चकार शब्द काढला नाही.

नागपूरचा उन्हाळा हा तसा कुठल्याही साहित्याचा शत्रू. गच्चीवरची ती खोली मे महिन्यात तंदूर होते. कूलर आतली हवाच गरागरा फिरवून परत तोंडावर मारायचा. यजमान म्हणाले, "ताई, सुट्टी घे ना उन्हाळाभर." ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी लाच देऊ केली. पाय बादलीभर पाण्यात आणि डोक्याला ओला दुपट्टा, अशा थाटात त्यांनी सबंध उन्हाळा हजेरी लावली. आणि वाळले. त्या बाईचे कपडे एकदाचे वाळले. ताईंनी ही बातमी खाली येऊन एखादं बाळंतपण सुखरूप पार पडल्यासारखी सांगितली.

त्यांचा सगळ्यात जाचक नियम मात्र सुट्टीच्या वेळेचा होता. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सुटलं. वाक्य अर्धं असलं तरी ते तिथंच सोडून त्या उठत. मी म्हणाले, अहो, निदान पूर्णविराम तरी द्या. "नाही वं. पुरं केलं का सकाळी कुठून सुरू करावं तेच समजत नाही. अर्धं ठेवलं का ते आपल्याले बोलवून राहते." त्यांना ते बोलवायचं हे ठीक होतं, पण ते अर्धं वाक्य त्या जेवताना आम्हालाही ऐकवत. "तिनं दार उघडलं, तर समोर..." आणि भाजी वाढायला सांगत. यजमान सुरुवातीला हसले. मग कुरकुरले. मग दात घासायच्या आधी त्यांच्या मागे मागे फिरून विचारू लागले, "सांग ना वं ताई, समोर कोण होतं?" "मले काय माहीत? ऑफिस उघडलं का पाहू." तो वसाहतीतला क्वार्टर, ती बाई, तिचा पाळीवर जाणारा नवरा, तिची मोठी मुलगी आणि कडेवरचा लहानगा मुलगा, हे सगळे हळूहळू आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागले. ती बाई कोण हे मला केव्हाच कळलं होतं. यजमानांनाही कळलं असावं, कारण त्यांनी थट्टा करायचं सोडून दिलं.

हिवाळ्यात ताईंना हाडं मोडणारा ताप आला. ताप गेला, सांधे मोकळे झाले, पण ताई वर जाईनात. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून सांबार निवडत; आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिची एकेक काडी त्या अशी पारखत की जणू सोनं. आठवडा असाच गेला. मग मी विचारलं, बोटं दुखतात का अजून? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हातातली काडी खाली ठेवून म्हणाल्या, "आता पुढं त्या बाईले मारा लागते वं. मले नाही जमत."

ती बाई म्हणजे त्यांची आई; तिला त्यांनी एकदा डोळ्यांदेखत मरताना पाहिलं होतं, तेव्हा त्या स्वतःच शाळकरी पोर होत्या. मी रात्रभर काही शहाणपणाचं शोधत राहिले आणि सकाळी उठून फक्त डबा भरला. साडीला इस्त्री केली. पर्स त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, रडायचंच असेल तर ऑफिसात बसून रडा. निदान हजेरी तरी लागेल."

त्या खुदकन हसल्या आणि साडी नेसायला गेल्या.

त्या दिवशी वरून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मी विचारी, काय झालं आज? "काही नाही. बसली होती." पण निघत वेळेवर, येत वेळेवर, आणि डबा रिकामा असे. मग एका दुपारी मी धुतलेले गहू पसरत होते तेव्हा खडखडाट सुरू झाला. तो संध्याकाळी थांबला नाही. यजमान कामावरून आले आणि जिन्यापाशीच उभे राहिले. मी दिवा लावला तरी ते तिथंच. इतक्या दिवसांत ताईंनी ओव्हरटाइम केला तो तेवढा एकदाच. त्या खाली आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी अर्धं वाक्य ऐकवलं नाही.

उरलेलं पुस्तक भराभर झालं. पहिला खर्डा छापून आणला तेव्हा ताईंनी तो सरळ भावाच्या हातात ठेवला. रविवारची सकाळ होती. गच्चीवर ऊन होतं, मी संत्री सोलत होते. यजमान वाचत होते आणि ताई उगाचच कुंड्यांमधलं गवत उपटत होत्या. मध्येच ते थांबले.

"ताई, हे खरं आहे का? दुपारी झोपताना आई माहा हात आपल्या पदराले बांधून ठेवे? मी बाहेर पळून जाईन म्हणून?"

ताईंनी उपटलेलं गवत कुंडीच्या कडेला ठेवलं.

"खरं सांगू गा?" त्या म्हणाल्या. "लिहिलं तेव्हा मले पक्कं माहीत होतं. आता नाही सांगता येत. आठवलं होतं का मनानं लिहिलं, रोज रोज लिहून सगळं एकात एक मिसळून गेलं."

यजमानांनी पानावरून हात फिरवला. "मग राहू दे," ते म्हणाले, "काटू नको ते."

"नाही काटत," ताई म्हणाल्या.

मी संत्र्याच्या फोडी यजमानांपुढे ठेवल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बराच वेळ ते एका हातानं आपलं दुसरं मनगट धरून बसले होते.