दत्ताच्या रेडिओतली खरखर

लोकसाहित्याच्या अभ्यासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: काम सुरळीत चालले असताना किस्से जन्मत नाहीत, ते अडले की जन्मतात. कतारमध्ये शुक्रवारी वाळूच्या टेकड्यांवर गाड्या घालणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत ते इतके साचले, याचे श्रेय बहुतांशी दत्ता पवारच्या सीबी रेडिओला द्यावे लागेल.

हा रेडिओ प्रत्येक गाडीत असतो. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. टेकडीपलीकडचे फक्त पुढच्या गाडीला दिसते. म्हणून आमचे म्होरके, रत्नागिरीचे इक्बालभाई, यांचा नियम कडक: ज्याचा आवाज स्पष्ट नाही, त्याने सर्वांत मागे राहायचे. आणि दत्ताने तर साताऱ्याला सासरी फोनवर सांगून ठेवलेले, की ताफ्याच्या पुढे आपणच असतो! आता त्याचे सासरे, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, व्हिजिट व्हिसावर ते प्रत्यक्ष पाहायला येणार होते.

*

वाळू सुरू होण्याआधी टायरची हवा कमी करायची आणि एकेकाने रेडिओवर हजेरी द्यायची, ही आमची प्रथा. दत्ताची पाळी आली की नुसती खरखर.

"दत्ता, बोलतोयस की भजी तळतोयस?" इक्बालभाईंनी विचारले.

खरखर.

"तळून झाली की मागे जाऊन उभा राहा. यल्ला, चला!"

*

मंडळींतले इंजिनिअर कुलकर्णी यांनी अँटेना गाडीवर बसवायची लोखंडी पट्टी तपासली. ती उघड्या पत्र्याला टेकली तरच आवाज पोचतो. दत्ताने खाली रबराचा जाड तुकडा सारला होता.

"वरखडा पडंल की! नवी गाडी हाय."

"पट्टीखालचा रंग खरवडावाच लागेल."

"बायकोला काय सांगू?"

"सांग," इक्बालभाई म्हणाले, "लेकराचे कान टोचले!"

विधींतले साम्य खरोखर विलक्षण होते. कुलकर्णी पॉलिशपेपर घासत असताना दत्ता तोंड फिरवून उभा, आणि तसाच विचारतोय, "झालं का? लई लागलं का?"

*

आवाज आता पोचू लागला, पण जेमतेम पुढच्या टेकडीपर्यंत. दोष अँटेनालाच लटकत होता: तारेत ओवलेले, उन्हाने सुकलेले लिंबू आणि मिरच्या. ती तार अँटेनाभोवती चांगली घट्ट गुंडाळलेली!

"काढा ते," कुलकर्णी म्हणाले.

"आन् नजर लागली तर?"

सगळे माझ्याकडे वळले. "सर, हा तुमचा विषय. शास्त्र काय म्हणतं?"

मी परंपरेचा साकल्याने विचार केला आणि निर्णय दिला, की लिंबाला उंचीची अट नाही, बंपर चालेल.

"बघा," कुलकर्णी म्हणाले, "सरांची डॉक्टरेट शेवटी कामी आली!"

*

उरली खरखर. गाडीतली एकेक वस्तू बंद करून पाहिली. एसी बंद, खरखर चालू. मोबाइलचा चार्जर काढला, तरी चालू. अखेर एकच वस्तू राहिली: डॅशबोर्डवरचा, लायटरच्या सॉकेटवर चालणारा, रंगीत दिव्यांचा गणपती.

इक्बालभाई एकाएकी समोरच्या वाळूचे निरीक्षण करू लागले. "कुलकर्णी, तुम्ही सांगा."

"छे, मी कशाला? म्होरके तुम्ही!"

दत्ताला उमगले. त्याने हात जोडले. "बाप्पा, मूर्ती हितंच ऱ्हाईल. फक्त लाइट घालवतो." प्लग निघाला आणि खरखर थांबली.

इक्बालभाई आपल्या गाडीकडे गेले आणि त्यांनी स्वतःच्या डॅशबोर्डवरच्या, हिरव्या दिव्यांच्या दुआच्या फ्रेमचा प्लग काढला.

"भाई, तुमचीबी?"

"गप बस. दुकान एकच आहे!"

*

आणि तो शुक्रवार आला. दत्ताशेजारी सासरे, डोक्यावर पांढरी टोपी, नजर थेट जावयाच्या स्टिअरिंगवर. हजेरीत दत्ताचा आवाज असा खणखणीत आला, की इक्बालभाईंनी "माशाल्ला!" म्हणत स्वतःची पुढची जागा त्याला दिली.

"सगळ्यांनी माझ्या मागं या!" दत्ताने फर्मावले. गाडी टेकडी चढली, माथ्यावर क्षणभर दिसली आणि पलीकडे उतरली.

आम्ही खाली थांबलो.

"दत्ता, पलीकडे कसं आहे?"

उत्तर नाही. खरखरही नाही.

"दत्ता, ऐकतोयस ना?"

मग रेडिओ बोलला. आवाज दत्ताचा नव्हता; संथ होता, एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा व्हावी तसा.

"हॅलो. मी सासरा बोलतोय. कुणी वर येऊ नका. जावई वाळूत रुतल्यात. आवाज साफ येतोय न्हवं?"