वरखाली सरई, मध्ये खम्हार

रायपूर राजधानी झालं तेव्हा सगळं गाव जमिनीचे भाव विचारत सुटलं; छपरांची काळजी करणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. रायपूरच्या मराठी घरांतून आतोबा म्हणायची पद्धत केव्हाच गेली, आम्ही त्यांना फुफाजी म्हणायचो. ब्राह्मणपाऱ्यात घर, थोडं पलीकडे लहानशी आरामशीन, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, आणि लाकूड सोडून जगातल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी टेबलाखाली हात घालून फळी चाचपायचे, मग वरणभाताकडे वळायचे. कुणासाठी मुलगी पाहायला गेले तर मुलीपेक्षा तिच्या घराच्या दाराची चौकटच जास्त वेळ न्याहाळत आणि परतताना निकाल देत, "चौकट सरळ आहे. माणसं चांगली असतील."

नव्या राजधानीत मोठमोठी दालनं होणार, त्यांना लांबलचक तुळया लागणार, आणि तेवढी लांब झाडं आता जंगलात मिळत नाहीत. तेव्हा पातळ फळ्या एकावर एक चिकटवून तुळई करायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. अंगणात तीन तुळया येऊन पडल्या. एक सागाची, एक सालाची, म्हणजे तिकडच्या बोलीत सरईची, आणि एक शिवणीची, जिला तिकडे खम्हार म्हणतात. सागाचं नाव घेतलं की गिऱ्हाईक खूष, पण त्याच्या अंगच्या तेलामुळे चिकटवायचा सरस धरताना नखरे फार. सरई ताकदीची, पण वाळताना तडकायची. खम्हार मात्र हलका, एकदा वाळला की जागचा हलत नाही आणि सरसाशी लगेच जुळतो. फक्त बाजारात त्याचं नाव काढलं की लोक विचारत, ढोलकी करायची आहे का?

ताकद मोजायला फुफाजींकडे यंत्र नव्हतं, नातेवाईक होते. गणपतीत दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला प्रसाद मिळण्याआधी तुळईवर बसावं लागे. "काहून उभा आहेस? बस नं. मले वाक पाहू दे," असं म्हणून ते जमिनीवर आडवे होत आणि एक डोळा मिटून तुळईच्या पोटाकडे बघत राहत. आमचे एक काका अंगाने चांगले भरलेले. फुफाजी त्यांची जेवढी वाट बघत तेवढी गणपतीचीही बघत नसतील. बसत नव्हती ती फक्त आत्या. "चिपकवलेल्या लाकडावर मी नाही बसत," असं ती सगळ्यांसमोर सांगे आणि आत निघून जाई. फुफाजींना ते फार लागायचं. साऱ्या गावाने तुळई नाकारली असती तरी चाललं असतं, पण आत्याने एकदा तरी तिच्यावर भरवसा ठेवावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मला म्हणायचे, "तुझी आत्या म्हणजे सरई आहे. सगळा भार घेते, पण गोंद लागू देत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी खम्हार. कोणाशीही जुळतो, अन् बाजारात भाव नाही."

शेवटी त्यांनी दोन्ही लाकडं एकत्र केली. ताण वर आणि खाली जास्त, म्हणून तिथे सरईच्या फळ्या. मधल्या सगळ्या खम्हारच्या, म्हणजे वजन कमी. सरईला रंदा मारला की समोर आलेला चहासुद्धा न पिता ताबडतोब सरस लावायचा, मग ती धरते, हा त्यांचा स्वतःचा शोध होता. पंडरीच्या कापडबाजारातले एक शेठ नव्या दुकानासाठी ती तुळई बघायला आले. हात फिरवून प्रसन्न झाले. "सागवान है ना?" मी शेजारीच उभा राहून मनातल्या मनात हो म्हणत होतो.

"नहीं सेठजी. ऊपर-नीचे सरई, बीच में खम्हार."

"ग्राहक पूछेगा तो क्या बोलूँगा?"

"बोलना, गिरेगा नहीं."

शेठ हसले, चहा प्याले आणि दुकानाला लोखंडी गर्डर टाकून मोकळे झाले. राजधानीच्या कचेऱ्याही सिमेंटच्याच झाल्या. त्या संध्याकाळी आत्याने विचारलं, "हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?" फुफाजी म्हणाले, "खम्हारले साग कसं म्हणू?" आत्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ताटं घेतली.

फुफाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आरामशीन विकली, आत्या मुलाकडे नव्या रायपूरला राहायला गेली. सामान हलवताना मुलगा तुळईकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, उसका क्या करेंगे?" तर आत्या म्हणाली, "मले लागते." आज त्यांच्या ओसरीचं छप्पर त्या तुळईवर उभं आहे आणि तिलाच झोपाळा टांगला आहे. परवा मी गेलो तेव्हा आत्या झोपाळ्यावर होती, आणि शेजारच्या बाई वर बघून म्हणाल्या, "सागवान है, आंटी?"

"नहीं. ऊपर-नीचे सरई, बीच में खम्हार." आत्याने हे इतक्या तोऱ्यात सांगितलं की त्या बाईंना सागाचीच लाज वाटली असावी. मग मला म्हणाली, "काहून उभा आहेस? बस नं. मी तर रोज दुपारी बसते. पाहून राहिली, कधी वाकते ते."

मी बसलो नाही. फुफाजींसारखा खाली वाकलो, एक डोळा मिटला आणि झोपाळ्यावरच्या आत्याच्या डोक्यावरून तुळईच्या पोटाकडे पाहिलं. ती अगदी सरळ होती. फुफाजींची फार आठवण आली. हे बघायला ते हवे होते.